गिरीश बापट पाच टर्म आमदार होते, मग आमचा वाडा अजून टेकूवर का?

वाड्यातला भाडेकरू:

मागच्या आठवड्यातल्या पावसात आमच्या वाड्याच्या मागच्या जिन्याच्या चार पायऱ्या खाली आल्या. रात्री दोनला. कुणाला लागलं नाही हे नशीब, पण वरच्या आजींना आता पुढच्या जिन्यानं उतरायचं म्हणजे तीन बिऱ्हाडांच्या स्वयंपाकघरातून जावं लागतं, आणि लोक जाऊ देतात, वाडा म्हटल्यावर हे चालतंच. पुण्याची शुक्रवार पेठ. आजोबांनी १९५८ ला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हापासून आम्ही इथंच. मालकीणबाई गेल्या, मागं पाच वारस, दोन परदेशात आणि उरलेल्या तिघांचं आपसात बोलणं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक म्हणून नोटीस येते, ती आई देवघरातल्या खणात ठेवते, तिथं आता गठ्ठा झालाय. एका कार्यालयात जाऊन आलो तर म्हणे मालकाची संमती आणा, मालकांपैकी जे एक भेटतात ते म्हणतात आधी सगळ्या भाडेकरूंच्या सह्या आणा, आणि भाडेकरू म्हणतात आधी बिल्डर कोण ते सांगा.

तर पायऱ्या पडल्या त्या सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, आज गिरीशभाऊ असते तर दुपारपर्यंत कुणीतरी बघायला आलं असतं. मी बोलून गेलो, "बाबा, ते होतेच की. पंचवीस वर्षं होते. तेव्हाही हाच टेकू होता." बाबांनी कप ठेवला आणि पेपर तोंडासमोर धरला. अजून नीट बोलत नाहीयेत.

मी बापटद्वेष्टा नाही, आधीच सांगतो. टेल्कोतला कामगार माणूस, आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेला, १९८३ ला नगरसेवक, १९९५ ला कसब्यातून आमदार आणि मग १९९९, २००४, २००९, २०१४, एकदाही विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत हरला नाही. ही काय सोपी गोष्ट नाहीये. आमच्या आत्याला ९८ साली रात्री दवाखान्यात बेड मिळत नव्हता तेव्हा त्यांच्या एका फोननं मिळाला, बाबा त्या फोनचं अजून देणं लागतात असं वागतात आणि ते मला समजतं.

पण माझा मुद्दा वेगळाय. दवाखान्याचा फोन, शाळेच्या अॅडमिशनचं पत्र, तेराव्याला हजेरी, मांडवात आरतीला, हे सगळं चांगला शेजारीही करतो, फार तर चांगला नगरसेवक. आमदार आपण पाठवतो तो कायदा करायला. आता बघा, वाड्याचं भाडं कशानं ठरतं? भाडे नियंत्रण कायद्यानं. तो कायदा विधानसभेत होतो. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला, जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या जागी, आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. आमचं भाडं सध्या इतकं आहे की तेवढ्यात मालकाला एका खोलीची कौलं चाळून घेता येणार नाहीत, मग तो दुरुस्ती कशाला करेल? मी मालक असतो तर मीपण केली नसती. मुंबईत जुन्या चाळींकडून उपकर घेतात आणि त्यांच्यासाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. पुण्यातल्या वाड्यांना असं काही का नाही? हा प्रश्न आमदाराचा आहे की नाही? ज्याच्या मतदारसंघात अख्ख्या महाराष्ट्रातले सगळ्यात दाट वाडे आहेत, त्याच्या पाच टर्ममध्ये हे एक काम व्हायला पाहिजे होतं असं मला वाटतं. मेट्रो, उड्डाणपूल ह्या गोष्टी कुणीही मंत्री असता तरी झाल्याच असत्या.

मारा आता.

शनिवारातला काका:

पहिली गोष्ट, पंचवीस नाही, चोवीस. ९५ ते २०१९. लिहिताना बोटं मोजावीत.

दुसरी, चोवीसमध्ये सत्तेत किती वर्षं ते पण मोज. ९५ ते ९९ साडेचार वर्षं युती, तेव्हा हे पहिल्यांदा निवडून आलेले, त्यांना कोण विचारतंय. मग ९९ ते २०१४ सलग पंधरा वर्षं आघाडी सरकार. विरोधी बाकावरच्या आमदारानं कायदा करायचा? अशासकीय विधेयकं किती पास होतात ते शोध जरा. मंत्री झाले २०१४ ला, त्यात अन्न व नागरी पुरवठा, संसदीय कार्य, शिवाय पुण्याचं पालकमंत्रिपद. नगरविकास खातं मुख्यमंत्र्यांकडे होतं. म्हणजे तुझा वाडा ज्या खात्यात येतो ते त्यांच्याकडे कधीच नव्हतं.

तू म्हणतोस शेजाऱ्याची कामं. अरे शेजारी उरलेत का आता? माझ्या वडिलांच्या वेळी स्मशानात आमचे दोन सख्खे चुलतभाऊ आले नव्हते, बापट आले होते. तुला ह्याची किंमत नाही कारण तुझं ९८ साली वय काय होतं ते मला दिसतंय.

मंडईकर:

काका वर्षं बरोबर मोजलीत पण गणित अर्धंच सांगितलं. विरोधी बाकावरचा आमदार कायदा करू शकत नाही मान्य, ओरडू तर शकतो? ओरडणारा आमदार कसा असतो ते कसब्यानं २०२३ ला बघितलं.

आठवतंय ना. डिसेंबर २०२२ ला आमदार मुक्ताताई टिळक गेल्या, फेब्रुवारीत पोटनिवडणूक. भाजपकडून सगळे मंत्री पेठेत उतरलेले, चंद्रकांतदादा पाटील प्रचारात म्हणाले "हू इज धंगेकर", आणि २ मार्चला जवळपास ११ हजारांनी काँग्रेसचे रवींद्र धंगेकर आले. ९५ पासूनचा गड. का आले? माणूस दुचाकीवर गल्लीत फिरतो, शर्टाची बटणं उघडी, पालिकेत बिल अडलं की तिथं जाऊन बसतो, भांडतो. पोर्शे अपघाताच्या प्रकरणात मे २०२४ मध्ये पोलीस स्टेशनात जाऊन कोण ओरडलं? हे शेजाऱ्याचं काम नाही ओ.

निवृत्त कार्यकर्ता:

मंडईकर, मी त्या फेब्रुवारीत बूथवर होतो. तुम्ही जे सांगताय ते अर्धं खरं. हरलो ते धंगेकर ओरडतात म्हणून नाही. टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून आमचीच माणसं घरात बसली, कोथरूडला मेधाताई कुलकर्णींचं तिकीट २०१९ ला कापलं तेही लोकांच्या डोक्यात होतंच. आणि आघाडीचे तिन्ही पक्ष एकत्र होते समोर. त्याच दिवशी चिंचवडचं मतदान होतं, तिथं राहुल कलाटे अपक्ष उभे राहिले, मतं फुटली आणि आमची सीट आली. कसब्यात सरळ लढत होती म्हणून गेली. एवढं साधं आहे.

एक प्रसंग मात्र सांगतो जो मला अजून नीट झोपू देत नाही. केसरीवाड्यात मेळावा होता, गिरीशभाऊ खासदार होते तेव्हा, आजारी, चाकाच्या खुर्चीवर आणले, नाकात ऑक्सिजनची नळी. बोलताना धाप लागत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली तुम्हाला लाज वाटली नाही का त्या माणसाला असं बाहेर काढताना. मी म्हणालो त्यांची स्वतःची इच्छा होती. आणि ती खरंच असेल, पन्नास वर्षं ज्या माणसानं हेच केलं त्याला घरी झोपून बाहेर निवडणूक चाललेली सहन होणार नाही. २९ मार्चला गेले. निकालानंतर महिना पण नाही.

पेठेतली पोरगी:

इच्छा होती वगैरे ठीके काका, पण पक्षाला नाही म्हणता आलं असतं ना? मुक्ता टिळकांना पण जून २२ मध्ये मतदानाला मुंबईला अॅम्ब्युलन्समधून नेलं होतं, राज्यसभेला आणि मग विधानपरिषदेला. कॅन्सर होता त्यांना. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगतापही तसेच मतदानाला गेले होते. त्याला निष्ठा म्हणायची की काय म्हणायचं मला कळत नाही. आणि मग त्याच घरात तिकीट नाही.

ह्या धाग्यात सगळे बापट बापट धंगेकर धंगेकर करताय, मुक्ता टिळक मधली तीन वर्षं आमदार होत्या हे कुणाच्या लक्षात पण नाही. अडीच वर्षं महापौर होत्या त्याआधी. आमदार झाल्या आणि चार-पाच महिन्यांत करोना. बाईचं नाव दोन ओळींत उरकलं जातं ते इथंही दिसलंच.

कोथरूडला गेलेली:

मूळ धाग्याबद्दल बोलते कारण मी हे भोगलंय. आमचा वाडा सदाशिव पेठेत होता, अकरा बिऱ्हाडं. पाडून नवीन बिल्डिंग व्हायला तेरा वर्षं लागली. त्या तेरा वर्षांत आमदारानं अडवलं असं एकदाही झालं नाही. अडवलं कुणी? एका बिऱ्हाडाला रस्त्याकडची खोलीच पाहिजे होती. एकांचं दुकान होतं, त्यांना दुकानाच्या बदल्यात दुकान पण तेवढंच फ्रंटेज. मालकाचा पुतण्या दोन बिल्डरांना एकाच वेळी शब्द देऊन बसलेला. एक आजोबा तर म्हणायचे मी मेल्यावर काय ते करा. ते गेले, मग त्यांच्या मुलांनी आणखी दोन वर्षं काढली!! शेवटी आम्ही आमचा हिस्सा घेऊन बाहेर पडलो, कोथरूडला वन बीएचके, आई अजून म्हणते इथं तुळशीबाग चालत जाता येत नाही.

बापटांकडे आमचे लोक दोनदा गेले होते. त्यांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं, चहा पाजला, चार कोट्या केल्या, सगळे हसले आणि बाहेर आल्यावर परत भांडले. त्यात त्यांचा काय दोष? मला वाटतं आपण आपली भांडणं सोडवायला आमदार मागतो आणि मग म्हणतो कायदा का नाही केला.

वाड्यातला भाडेकरू:

@कोथरूडला गेलेली ताई, हे भारी लिहिलंय आणि पटतंही, पण तुम्ही नकळत माझाच मुद्दा सांगताय. चहा पाजून कोट्या करून तुमचं भांडण मिटलं नाही. ते मिटवायला नियम पाहिजे होता. किती टक्के सह्या झाल्या की बाकीच्यांनी अडवायचं नाही, दुकानवाल्याला काय मिळणार, भाडेकरूला किती चौरस फूट, मधल्या काळाचं भाडं कोण देणार, न दिलं तर दाद कुणाकडे. हे कागदावर आधीच ठरलेलं असतं तर आजोबांना "मी मेल्यावर" म्हणायला जागाच नसती.

@काका, चोवीस. चुकलं. पण विरोधी बाकाचं म्हणाल तर बापट बोलणारे आमदार होते, सभागृहात त्यांना मान होता, सगळ्या पक्षात मित्र होते. मित्र होते म्हणूनच तर विचारतोय, त्या ओळखीतून हे एक काम का करून घेतलं नाही?

अंकगणित आणि नियम:

थोडी भर घालतो, बांधकाम परवानगीच्या कामात आयुष्य गेलंय माझं.

वाडे अडकण्याची कारणं एक नाहीत. शनिवारवाड्याच्या आसपासचं घ्या. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, हे २०१० च्या दुरुस्तीनं आलं आणि तो कायदा केंद्राचा, १९५८ चा. तिथं आमदाराला काही करता येत नाही, संसदेत जावं लागतं. शनिवार, कसबा, नारायण पेठेतले कित्येक वाडे ह्यात अडकलेत. दुरुस्ती करता येते पण तीस-चाळीस बिऱ्हाडांच्या मोडक्या वाड्याची दुरुस्ती कोण करणार स्वतःच्या खिशातून.

दुसरं, डिसेंबर २०२० ला राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली आली. ती बनवताना नवी पेठ आणि सदाशिव पेठ कुणी डोळ्यासमोर ठेवली नव्हती. वीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल प्लॉट, दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या भिंती, त्यात बाजूला मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, सोडायची अट. सोडली की उरतं काय? रेल्वेचा डबा. आणि पार्किंग दाखवा म्हणतात, तळमजला पार्किंगला गेला की दुकानदार भाडेकरू कुठे जाणार? एफएसआय, म्हणजे किती बांधायचं त्याची मुभा, कागदावर मिळतो पण प्लॉटवर बसत नाही. हे मात्र राज्याचं काम आहे, म्हणजे आमदाराचं. तर धागाकर्त्याचं अर्धं बरोबर, काकांचं अर्धं बरोबर, पण २०२० ला बापट आमदार नव्हते, खासदार होते हे लक्षात घ्या.

मंडईकर:

खासदार होते म्हणजे १०० मीटरचं तर त्यांच्याच टेबलावर आलं की मग.

अंकगणित आणि नियम:

आलं. २०१९ ला सव्वातीन लाखांच्या आसपास मताधिक्यानं गेले, मग करोना, मग आजारपण. तुम्ही ठरवा.

नाना पेठ:

माफ करा पण कसबा म्हणजे फक्त शनिवार सदाशिव नारायण आहे का? हा सगळा धागा लक्ष्मी रोडच्या पश्चिम टोकाकडं चाललाय. २००८ च्या पुनर्रचनेत भवानी पेठ मतदारसंघ गेला आणि त्यातला बराच भाग इकडं तिकडं वाटला गेला, २००९ पासून पूर्वेच्या पेठा कसब्याच्या गणितात आल्या. त्या वर्षी बापट किती मतांनी आले सांगा? आठ हजार. समोर कोण होतं? मनसेचे धंगेकर, पहिल्यांदाच विधानसभेला उभा पक्ष. म्हणजे "गड" वगैरे जे म्हणता तो तेव्हाच हलला होता, तुम्हाला २०२३ ला कळलं. २०१४ ला काँग्रेसचे रोहित टिळक आणि मनसेचे धंगेकर दोघं वेगळे उभे राहिले, बापट बेचाळीस हजारांनी आले, आणि परत सगळे म्हणाले गड.

आमच्याकडं वाडे पण आहेत, चाळी पण आहेत, पत्र्याची घरं पण आहेत. आमच्याकडं आमदार येतो तो उरुसाला, जयंतीला आणि मतदानाच्या आधल्या रात्री. ड्रेनेज तुंबलं की नगरसेवक. आणि २०२२ च्या मार्चपासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, तेव्हा आमदाराकडं ड्रेनेजचं गाऱ्हाणं घेऊन जायचं नाही तर कुणाकडं? पुस्तकात लिहिलंय म्हणून आमदार फक्त कायदा करतो हे वाड्यातल्या भाडेकरूला परवडतं. गटाराचं पाणी ज्याच्या दारात येतं त्याला परवडत नाही.

वाड्यातला भाडेकरू:

@नाना पेठ हे लागलं. बरोबर आहे तुमचं. माझ्या डोक्यात पण कसबा म्हटल्यावर बाजीराव रोड आणि शिवाजी रोडच येतो. तरी एक विचारतो, नगरसेवक चार वर्षं का नव्हते? प्रभाग रचना, आरक्षण, कोर्ट. प्रभाग किती सदस्यांचा ते दर सरकारनं बदललं, आणि तो कायदा पण विधानसभेतच बदलतो. म्हणजे तुमचं गटार पण फिरून तिथंच जातं.

शनिवारातला काका:

सगळं फिरवून विधानसभेत नेलंस, आता पाऊस का पडतो तेही ने.

डाळ दोनशे:

बापटांना इथं देवत्व चाललंय म्हणून आठवण करून देतो. २०१५ च्या दिवाळीत तूरडाळ दोनशे रुपये किलो होती आणि अन्न व नागरी पुरवठा मंत्री आपलेच कसब्याचे आमदार होते. आमच्या घरी तेव्हा आमटी पातळ आणि वरणात मुगाची भर. काका म्हणतात त्यांच्याकडे खातंच नव्हतं, हे खातं तर होतं ना? सप्टेंबर २०१८ ला मुठेचा कालवा फुटला दांडेकर पुलापाशी, लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी, संसार वाहून गेले, तेव्हाही पालकमंत्री तेच. सरकारकडून कारण काय तर उंदीर-घुशींनी भिंत पोखरली.

शनिवारातला काका:

दांडेकर पुलाजवळची ती वस्ती पर्वती मतदारसंघात येते. कालवा पाटबंधाऱ्याचा. डाळ त्या वर्षी देशभर महाग होती, पाऊस दोन वर्षं कमी झाला होता. काहीही चिकटवायचं का?

डाळ दोनशे:

पालकमंत्री अख्ख्या जिल्ह्याचा असतो काका. आणि साठेबाजांवर धाडी उशिरा पडल्या, ते पावसानं नाही केलं.

मावळती पेठ:

मंडईकरांना एक प्रश्न आहे, खोडसाळ नाही, खरंच विचारतोय. धंगेकर शिवसेनेत होते, २००६ नंतर राजसाहेबांबरोबर मनसेत, मग काँग्रेस, २०२४ ला लोकसभेला भाजपच्या मोहोळांकडून सव्वा लाखाच्या आसपास हरले, कसब्यातसुद्धा मागे पडले, विधानसभेला भाजपच्या रासनेंकडून १९ हजारांहून जास्त मतांनी, म्हणजे ज्यांना २३ ला पाडलं त्यांच्याकडूनच. आणि मार्च २५ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत. तुम्ही त्यांना काँग्रेसच्या पंजावर मत दिलं, बरोबर? ते मत आता कुठं आहे?

मंडईकर:

माझं मत माणसाला होतं, पंजाला नाही. आणि पक्षांतरबंदीचं म्हणत असाल तर तो कायदा पदावर असताना लागतो, राज्यघटनेची दहावी सूची. ते गेले तेव्हा आमदार नव्हते, कुणाची फसवणूक केली? जे आमदार असताना गठ्ठ्यानं गेले त्यांच्याबद्दल इथं एक ओळ नाही.

पण खरं सांगू? आमच्या गाळ्यावर त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. भाजी लावली आणि गप्प बसलो. मेथी विकत बसलो दिवसभर.

निवृत्त कार्यकर्ता:

मंडईकर तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून सांगतो, तुमच्याच मंडईचे वसंत थोरात. काँग्रेसचे. अण्णा जोशी ९१ ला खासदार झाले, कसबा रिकामा झाला, पोटनिवडणुकीत गिरीशभाऊ उभे राहिले आणि थोरातांनी त्यांना पाडलं. ९६ ला लोकसभेला कलमाडींनी पाडलं. म्हणजे ज्यांना आपण न हरणारे म्हणतो ते दोनदा चांगलेच आपटलेत. आपटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर हजर. पक्ष बदलायचा विचार डोक्यात आला असेल का, माहीत नाही, मला तरी कधी दिसला नाही.

धागाकर्ता म्हणाला सगळ्या पक्षात मित्र होते. होते. अंकुश काकडे राष्ट्रवादीत, शांतिलाल सुरतवाला, हे तिघं पालिकेपासूनचे, सभागृहात एकमेकांची सालटी काढायचे आणि बाहेर एकाच टेबलावर. आम्हाला तेव्हा त्याचं फार कौतुक. आता कधीकधी वाटतं...

जाऊ दे.

पेठेतली पोरगी:

काय वाटतं ते लिहा ना काका.

निवृत्त कार्यकर्ता:

वाटतं की सगळेच मित्र असले की कडू प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. वाड्यांचा विषय दर जाहीरनाम्यात होता. आमच्याही आणि त्यांच्याही. मीच छापून आणायचो, आप्पा बळवंत चौकातून, वाक्य तेच, फक्त साल बदलायचं. ३ हजार प्रती असायच्या. एकदाही कुणी विचारलं नाही मागच्या वेळचं काय झालं. भाडेकरूंनी पण नाही विचारलं. ते पण गिरीशभाऊंना बघून खूश व्हायचे, आणि मीही.

शनिवारातला काका:

निवृत्त झालात म्हणून आता सुचतंय का हे? तेव्हा माईक तुमच्याच हातात असायचा.

निवृत्त कार्यकर्ता:

हो. माईक माझ्याकडेच असायचा.

कोथरूडला गेलेली:

थोडं विषयांतर, पण आमदार निधीचं पण बघा. बापटांच्या शेवटच्या टर्मला वर्षाला दोन कोटी, आता पाच. त्यातून काय होतं? बाकडी, दिशादर्शक फलक, ओपन जिम, समाजमंदिराचा पत्रा, आणि प्रत्येकावर नाव. आमच्या जुन्या गल्लीत एक बाकडं आहे, त्यावर तीन वेगवेगळ्या निधींची नावं एकावर एक रंगवलीत. बाकडं एकच, मोडकंच. लोकांना पण हेच दिसतं, नियमावलीतली दुरुस्ती कुणाला दिसते? तिच्यावर नाव कुठं रंगवणार.

अंकगणित आणि नियम:

हे शंभर टक्के.

वाड्यातला भाडेकरू:

अपडेट देतो. हा धागा मी बाबांना वाचून दाखवला, म्हणजे मोबाईल हातात दिला. पूर्ण वाचला त्यांनी, चष्मा पुसून. काकांच्या स्मशानाच्या ओळीपाशी थांबले बराच वेळ. मग म्हणाले त्या माणसाला सांग चोवीस वर्षं दुरुस्त करून. निवृत्त कार्यकर्त्यांचं जाहीरनाम्याचं वाचून उठले आणि कपाटातून एक जुनी फाईल काढली. त्यात २००४ चं पत्र निघालं, आमच्या सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांचं, वाड्यासाठी काहीतरी करा म्हणून, आमदारांच्या नावानं. बाबांच्याच अक्षरात. मी विचारलं दिलं का नाही? म्हणाले, "द्यायला गेलो होतो, ते म्हणाले ये बस, चहा घे, मुलगा कितवीत आहे, आणि मग पत्र काढायला बरं नाही वाटलं."

शनिवारातला काका:

फोटो टाक त्या पत्राचा. सह्या किती आहेत?

वाड्यातला भाडेकरू:

सतरा. त्यातले नऊ जण आता नाहीत. फोटो नाही टाकत, लोकांची नावं आहेत. धाग्यात चोवीस करायचं म्हटलं तर आता एडिट होत नाहीये.

नाना पेठ:

पत्र आत्ताच्या आमदाराला द्या, साल बदलून. आणि चहा घेऊ नका.